भरिताचा भाव: एका बचत गटाचे दोन हिवाळे

पार्श्वभूमी

यावल तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव. गावाचं आणि गटाचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. गटात अकरा बायका. बहुतेक जणी हिवाळ्यात कापूस वेचायला जातात, एरवी केळीच्या बागांत. गटाचा हिशोब ठेवणारी ताई एके काळी माझ्या वर्गात बसायची, म्हणून हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं. मी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. 'मूल्य' हे प्रकरण मी वीसेक वर्षं शिकवलं, पण भाव ठरवायची पाळी तोवर माझ्यावर कधी आली नव्हती.

भरिताबद्दल खानदेशी माणसाला काही सांगायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. वांगं फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं, हाताच्या पंजात न मावणारं आणि बिया कमी असलेलं. या जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळक्या काड्यांवर ते भाजायचं, सोलायचं, लाकडी बडजीत मुसळीनं ठेचायचं. मग तेलात लसूण-मिरचीचा ठेचा, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी.

दर रविवारी पहाटे चारला भाजायला घ्यायचं, तापी ओलांडून आठपर्यंत जळगावात पोचायचं आणि एका कॉलनीच्या चौकात टेबल मांडून डबे विकायचे, असं गटानं ठरवलं. चौघी जणी पाळीपाळीनं जायच्या. गटातल्या सगळ्यात वडील आजींना ही कल्पनाच हास्यास्पद वाटली होती. "भरीत का कोनी इकत घेतं, भाऊ?" असं त्यांनी मला नंतर दोनदा विचारलं. त्यांच्या लेखी प्रश्न बरोबर होता. हिवाळ्यात गावात वांगं शेजारीण देते, काड्या बांधावर पडलेल्या असतात आणि ठेचायला पोरं मागे लागतात. ज्याला गावात काहीच भाव नाही, त्याला पंचवीस-तीस किलोमीटरवर भाव कसा येईल?

पहिला भाव कसा ठरला

वांगी ३० रुपये किलो होती. पावणेदोन किलो वांग्यांचं किलोभर भरीत होतं, म्हणजे साडेबावन्न रुपये. तेल, शेंगदाणे, खोबरं, मिरची, लसूण, पात यांचे ३८. डबा आणि रिक्षा साडेएकवीस. झाले ११२. त्यावर "आपल्या कष्टाचे" म्हणून ४८ टाकले आणि भाव लागला १६० रुपये किलो.

हा हिशोब चुकीचा आहे असं गावात कुणी म्हणणार नाही. अर्थशास्त्रातही शंभर वर्षं मोठमोठी माणसं असाच विचार करत होती. वस्तूत जेवढे कष्ट जिरले तेवढं तिचं मूल्य, ही धारणा रिकार्डोकडे आहे आणि मार्क्सकडेही. अ‍ॅडम स्मिथला मात्र १७७६ मध्येच एक कोडं दिसलं होतं: पाण्यावाचून माणूस जगत नाही तरी पाणी जवळजवळ फुकट, आणि हिऱ्यावाचून कुणाचं काही अडत नाही तरी हिरा महाग. उपयोगिता मूल्य वेगळं आणि विनिमय मूल्य वेगळं, एवढं म्हणून त्यानं पुढची वाट धरली.

नोव्हेंबरातल्या रविवारी पंचवीस किलो भरीत साडेअकराला संपायचं. गट खूश होता. मी नंतर वही मागून हिशोब केला तेव्हा दिसलं की पंचवीस किलोचे १२०० रुपये चौघींत वाटले की वाट्याला ३०० येतात. त्याच दिवसांत कापूस वेचायला गेलेली बाई ३५० ते ४०० घेऊन येत होती. म्हणजे गाडी जोरात चालली होती आणि बायका तोट्यात होत्या. हातातला माल लवकर संपणं म्हणजे यश, असं आपण सगळेच धरून चालतो. खरं तर साडेअकराला संपणारं भरीत सांगत होतं की भाव कमी आहे. ज्या कामावर पाणी सोडून आपण हे काम करतो त्याची मजुरी, म्हणजे संधी खर्च, त्या ४८ रुपयांत धरलेलाच नव्हता. तो आकडा 'कष्टाचे काहीतरी' म्हणून डोळ्यांनी मापलेला होता.

चंपाषष्ठीचा रविवार

खरी ठिणगी पडली मार्गशीर्षात. त्या वर्षी चंपाषष्ठीच्या जवळचा रविवार गटानं हेरून ठेवला होता. चातुर्मास पाळणारी घरं कांदेनवमीला शेवटचं खाऊन वांगं बंद करतात आणि पुष्कळ जण ते चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच पुन्हा तोंडात घालतात. मागणी वाढणार हे उघड होतं. गटानं भाव केला २४० रुपये.

माल सगळा गेला, पण एक-दोन गिऱ्हाइकांनी टेबलासमोर उभं राहून सुनावलं. एका बाईंचं वाक्य ताईनं मला जसंच्या तसं सांगितलं: "देवाच्या नैवेद्यात पण कमाई करता का?" त्या बाई पुढे चार रविवार आल्याच नाहीत. त्यांच्यासोबत त्यांच्या गल्लीतली आणखी दोन-तीन घरं तुटली. ताईचा मला फोन आला तो तेव्हा.

डॅनियल कानेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना विचारलं होतं: बर्फाचं वादळ झालं आणि दुकानदारानं बर्फ उपसायच्या फावड्याचा भाव १५ डॉलरवरून २० केला, तर ते योग्य की अन्याय्य? ८२ टक्के लोकांनी अन्याय्य म्हटलं. पाठ्यपुस्तकातली मागणी-पुरवठ्याची आकृती दुकानदाराच्या बाजूनं उभी असते, गिऱ्हाईक नसतं. गिऱ्हाइकाच्या डोक्यात कालचा भाव बसलेला असतो आणि आजचा भाव तो त्याच्याशी ताडून पाहतो. त्या बाईंचा राग २४० रुपयांवर नव्हता. मागच्या रविवारचे १६० तिला आठवत होते, राग त्याचा होता.

वांगं सहा रुपयांवर आलं

संक्रांतीनंतर दुसरीच अडचण उभी राहिली. बाजारात वांग्यांचे ढीग लागले, भाव किलोला सहा रुपयांवर घसरला. गिऱ्हाईक भाजी बाजारातून पिशवी घेऊन थेट टेबलापाशी येई. "वांगं सहा रुपयांनी, आन् भरीत एकशेसाठनं?" खप पंचवीस किलोवरून चौदावर आला.

यात गमतीची गोष्ट अशी की गटाच्या बाजूनंही खर्च उतरलाच होता. वांग्यांमागे किलोला ४२ रुपये वाचत होते. कापूस वेचणी संपत आल्यानं बायकांच्या दिवसाची किंमतही खाली आली होती. नोव्हेंबरात हात महाग आणि भूक मोठी, जानेवारीत हात स्वस्त आणि लोक दोन महिने भरीत खाऊन कंटाळलेले. अल्फ्रेड मार्शलनं १८९० मध्ये विचारलं होतं की कात्रीचं वरचं पातं कापतं की खालचं. भाव मागणीनं ठरतो की खर्चानं, हा वाद तसाच आहे म्हणून. वर्गात मी ते वाक्य दर वर्षी सांगतो. त्या जानेवारीत दोन्ही पाती एकदम खाली आलेली मी पहिल्यांदा बघितली.

गटानं मला न विचारता भाव १२० केला. दोन रविवार तो ठेवला. खप चौदावरून सोळा किलोवर गेला, तेवढाच. भाव पंचवीस टक्के उतरला, विक्री चौदा टक्के वाढली. १६० रुपयांना चौदा किलो विकून, खर्च वजा जाता १२६० रुपये राहत होते. १२० ला सोळा किलो विकून ८०० राहिले.

आणि एका गिऱ्हाइकानं विचारलं, "आज गॅसवर भाजलंय का?"

हा प्रश्न मला सगळ्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. डब्यातलं भरीत काड्यांवर भाजलंय की गॅसवर, आजचं आहे की कालचं, वांगं भरिताचं आहे की साधं हायब्रीड, हे झाकणावरून कळत नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफनं १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल जे दाखवलं तेच इथे होतं: माल कसा आहे हे फक्त विकणाऱ्याला माहीत असतं, म्हणून घेणारा बाकीच्या खुणांवरून अंदाज बांधतो. भाव ही त्यातली सगळ्यात ठळक खूण. भाव उतरला की त्याच्या मनात मालही उतरला.

समोरचे पर्याय

जानेवारीच्या शेवटी गटाच्या ओट्यावर बैठक झाली. मीही होतो, पण बोलायचं कमी ठरवून गेलो होतो. ते जमलं नाही.

एक मत होतं भाव १२० च ठेवून जास्त चौकांत जायचं. तरण्या बायकांचा याकडे कल होता. मी विरोध केला, कारण आकडे समोर होते. पण त्यांचा मुद्दा अगदीच फोल नव्हता: त्या चौकातली माणसं कंटाळली असतील, दुसऱ्या चौकातली नसतील. आम्ही ते करूनच पाहिलं नाही. रिक्षाचा खर्च दुप्पट होईल म्हणून सोडून दिलं.

दुसरं मत पुण्याला माल पाठवायचं. तिथे शिकणाऱ्या-नोकरी करणाऱ्या खानदेशी पोरांना किलोला चारशे रुपये द्यायला लावता येतील असा एकीच्या मुलाचा अंदाज. रात्रीच्या बसनं दोन डबे पाठवूनही पाहिले. एक डबा फुटला, दुसऱ्याला आंबूस वास आला. बात तिथेच संपली.

तिसरं, हंगाम इथेच बंद करायचा आणि पुढच्या दिवाळीत बघायचं. आजींना हे पसंत होतं.

चौथं मत बैठकीत निघालंच नव्हतं. ते सापडलं अपघातानं. आदल्या रविवारी डबे कमी पडले म्हणून एकीनं रिक्षातली बडजी काढून टेबलाशेजारीच चार वांगी ठेचली. भोवती पाच-सहा माणसं जमली. निवृत्त रेल्वे कर्मचारी असलेले एक काका दर आठवड्याला अर्धा किलो न्यायचे. ताईनं त्यांना दुसरा अर्धा किलो वीस रुपये कमी करून देऊ केला होता, तेव्हा ते म्हणाले होते, "अहो, उद्या कोण खाणार ते?" त्या दिवशी मात्र ते बडजीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "इथेच एक भाकरीवर वाढा की." घरी न्यायचा डबा त्यांनी घेतलाच, आणि वर खाल्लंही.

जेव्हन्स आणि मेंगर यांनी १८७१ मध्ये आणि वालरासनं १८७४ मध्ये, एकमेकांना न विचारता, स्मिथचं कोडं सोडवलं ते याच वाटेनं. माणूस 'पाणी' आणि 'हिरा' यांतून निवड करतच नाही. तो पुढचा एक पेला आणि पुढचा एक खडा यांतून करतो. पोटात जितकं गेलं तितकी पुढच्या घासाची ओढ कमी: घटती सीमांत उपयोगिता. काकांना उद्याच्या अर्ध्या किलोची किंमत शून्य होती. पण आत्ताच्या, ठेचताना वाफ येणाऱ्या भरिताचा पहिला घास ही त्यांच्या लेखी निराळीच वस्तू होती, आणि तिची मोजणी पहिल्यापासून सुरू झाली. एवढं साधं उदाहरण मला वीस वर्षांत सुचलं नव्हतं.

काय केलं

भाव परत १६० वर नेला. हे अवघड गेलं; दोन आठवडे टोमणे ऐकावे लागले. बडजी टेबलाच्या पुढे आणली. चौकातच भाजायचा प्रयत्नही केला, पण धूर समोरच्या इमारतीत गेला आणि वॉचमन भांडायला आला, म्हणून भाजणं गावात आणि ठेचणं चौकात असं ठरलं. थोडी वांगी साल न काढता, जळकीच आणायची आणि गिऱ्हाइकासमोर सोलायची. दादर ज्वारी आणि उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, कांदा अशी ताटली ८० रुपयांना सुरू केली. भरीत तेच, पण 'किलोचा भाव' विचारायला जागा उरली नाही.

डब्यावर चिकटवायला कुणीतरी 'भौगोलिक मानांकन' असं लेबल छापून आणलं होतं. ते मी काढायला लावलं. मानांकित नाव मालावर वापरायचं तर उत्पादकानं अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, आणि गटानं ती केलेली नव्हती. जळगावात त्याचा उपयोगही नव्हता. इथला माणूस लेबल वाचून भरीत घेत नाही, वास घेऊन घेतो.

मग फेब्रुवारीत शेतातलं भरीत. एका सदस्येच्या दिराच्या शेतात, विहिरीजवळ, माणशी २५० रुपये. पहिल्या रविवारी शहरातून २२ माणसं आली. त्यांनी काय केलं? काड्या गोळा केल्या. डोळ्यांत धूर घालून घेत वांगी उलटीपालटी केली. एक डॉक्टर बाई बोटं भाजेपर्यंत सोलत होत्या आणि त्यांचा मुलगा मुसळी सोडायला तयार नव्हता. सगळं काम पाहुण्यांनी केलं, गटानं फक्त फोडणी दिली आणि भाकरी थापल्या. जेवताना जो तो म्हणत होता की असं भरीत आयुष्यात खाल्लं नाही. स्वतः जोडलेल्या वस्तूला माणूस जास्त किंमत लावतो, असं मायकेल नॉर्टन, डॅनियल मोशॉन आणि डॅन एरिएली यांनी २०१२ मध्ये प्रयोग करून दाखवलं आहे. आजी बांधावर बसून पाहत होत्या. त्यांनी हे सगळं एका वाक्यात आटोपलं:

"आपुन राबलो तं कोनी पैसे देत नाही, अन् हे लोक राबाचे पैसे देऊन ऱ्हायले."

दुसरा हिवाळा

दुसऱ्या वर्षी पहिल्याच रविवारी भाव २०० लावला आणि हंगामभर हलवला नाही. माल आता साडेबाराला संपायचा. पंचवीस किलोवर चौघींच्या वाट्याला साडेपाचशे यायला लागले, म्हणजे कापूस वेचणीच्या वर. संक्रांतीनंतर भाव न उतरवता डब्यांचं भरीत बारा किलोवर आणलं आणि ताटल्या वाढवल्या.

चंपाषष्ठीला वेगळीच युक्ती केली. पाव किलो भरीत आणि बाजरीचे दोन रोडगे, 'नैवेद्याची पुडी', ९० रुपये, आठ दिवस आधी नाव नोंदवून. रोडग्यांचे वीस रुपये धरले तरी भरीत किलोला २८० रुपयांनी गेलं. म्हणजे ज्या २४० वरून आदल्या वर्षी भांडण झालं, त्याच्याहून महाग. कुणी चकार शब्द काढला नाही. उलट दोघींनी आभार मानले की सोय झाली. रागावलेल्या त्या बाईंनीही दोन पुड्या नेल्या. कालच्या भावाशी ताडायला या पुडीला कालचा भावच नव्हता.

मला हे अजून पूर्ण पचलेलं नाही. पुडीत रोडगे होते, आधीची नोंदणी होती, सकाळी धावपळ वाचत होती. त्या सोयीला किंमत आहे हे मान्य. पण तीच वस्तू वेगळ्या कागदात बांधली की राग जातो, हे गिऱ्हाइकाच्या समाधानाचं लक्षण मानायचं की त्याला मोजता येऊ नये अशी केलेली तजवीज? ताईचं उत्तर तयार होतं: "सर, मागच्या वर्षी आमालेच मोजता येत नव्हतं."

शेतातलं भरीत मात्र मोडलं. पाच रविवार चाललं. मग शेतमालक दिरानं माणशी शंभर रुपये मागितले. मागणी अवाजवी नव्हती. पाहुणे विहिरीचं पाणी, बांध आणि पाखरं यांचेही पैसे देत होते आणि ते त्याचे होते. गटानं आधी नाही म्हटलं, मग पन्नास देऊ केले. तोवर बोलणं नात्यात गेलं होतं. ती सदस्या गटातून बाहेर पडली. आता दहा जणी आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

शेताचा करार पहिल्या रविवारच्या आधी, कागदावर व्हायला हवा होता. ही चूक माझी. गिऱ्हाईक नेमकं कशाचे पैसे देतंय हे मी तिथेच उभा राहून पाहत होतो, त्यात शेताचा वाटा किती हे मला दिसायला हवं होतं.

माल किती वाजता संपला हे पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलं असतं तर १६० हा भाव कमी आहे हे दुसऱ्याच रविवारी कळलं असतं. वहीत फक्त रुपये होते, वेळ नव्हती. दुसऱ्या हिवाळ्यात ताई तासातासाला रेघा मारू लागली.

१२० चा प्रयोग करायचाच होता तर भाव न उतरवता पाव किलोचा छोटा डबा काढून पाहायला हवा होता. काकांचा प्रश्न उद्याच्या भरिताचा होता, रुपयांचा नव्हताच. दुसऱ्या चौकाचा पर्यायही आम्ही रिक्षाभाड्यावरून कागदावरच मारला. एक रविवार जाऊन बघायला सातशे रुपयांहून जास्त लागले नसते.

या नोव्हेंबरात त्याच चौकात, रस्त्याच्या पलीकडे, दुसऱ्या एका गटानं टेबल मांडलं आहे. त्यांचा भाव १५० आहे. पहिल्या रविवारी आपलं भरीत दीड वाजेपर्यंत पुरलं, असं ताईनं कळवलं. गटानं भाव हलवलेला नाही. बडजी मात्र आणखी चार हात पुढे, पार रस्त्याच्या कडेला सरकवली आहे, आणि मुसळी आता आजींच्या हातात आहे.